बिनराखणीची पट्टी

भाद्रपद सरत आला की कयाधूच्या दोन्ही काठांवरच्या शिवारात माणसांचे आवाज सुरू होत. ज्वारी निसवून दाणा चिकात भरू लागे आणि शेताशेतांत मचाण उभे राही. मचाणावर कोणी म्हातारा, कोणी सून, हातात गोफण, आणि दिवसभर 'हाऽ हाऽ होऽ' अशी लांबत जाणारी आरोळी. या सगळ्या आरड्याओरड्यात एकच पट्टी मुकी असे. तिच्या कडेला बाभळीखाली चटई टाकून, काळी विटकी शेरवानी घातलेले एक उंच, किरकोळ बांध्याचे गृहस्थ मांडीवर हात ठेवून बसलेले असत. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत चिमण्या, राघू आणि भोरड्या त्यांची ज्वारी खात असत. ते हात उचलीत नसत. तोंडातून 'हुश्श' एवढाही आवाज काढीत नसत.

मी हिंगोलीच्या सरकारी शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून नुकताच लागलो होतो. तेव्हा निजामी अमल होता. शिकवणे उर्दूतून चाले, सुट्टी शुक्रवारी असे, आणि मराठी हा विषय मुलांना, खरे तर मलाही, कोपऱ्यातल्या बाकासारखा वाटे. अशाच एका शुक्रवारी, गावात ओळखीचे कोणी नाही म्हणून, मी नदी ओलांडून फिरायला गेलो. बाभळीखालचे गृहस्थ झोपले असावेत आणि पाखरे त्यांचे पीक फस्त करीत आहेत, असा माझा समज झाला. अनोळखी माणसाला हाक मारण्याचे धैर्य मला तेव्हा नव्हते. आजही फारसे नाही. मी नुसती टाळी वाजवली. सगळा थवा भर्रकन उठला. गृहस्थांनी सावकाश मान वळवली. ते जागेच होते.

"उडवली?" त्यांनी विचारले. आवाजात राग नव्हता. फार दिवसांचा थकवा होता.

"आपलं पीक खात होती, म्हणून मी—"

"खात व्हती म्हणूनच तर बसलोय. आता भेव जाऊन पुन्हा येस्तोवर सबूर करा. बसा हितं. टाळ्या मुशायऱ्यात वाजवा, शेतात न्हाई."

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत तीच काळी शेरवानी माझ्यासमोर उभी राहिली. "हे आमचे टाळीवाले पंडितजी," असे म्हणून त्यांनी माझी सर्वांशी ओळख करून दिली. ते शाळेतले सृष्टिविज्ञानाचे शिक्षक, सय्यद मास्तर. त्यांचे घराणे हिंगोलीत कित्येक पिढ्यांचे. वर्गाच्या खोलीत ते स्वच्छ उर्दू बोलत, पण खोलीबाहेर पडले की त्यांच्या तोंडी शिवारातली मराठी येई आणि ती त्यांना अधिक शोभे. पत्नी मी येण्यापूर्वीच वारली होती. एकुलती मुलगी हैदराबादेत नांदत होती. दमा मात्र सोबतीला कायमचा होता. दोन जिने चढले की ते भिंतीला हात टेकून थांबत आणि मागून येणाऱ्याला म्हणत, "तुमी व्हा पुढं. मी जरा हवेशी बोलून येतो."

त्या पट्टीचे प्रकरण मला हळूहळू समजले. मास्तरांचे वडिलार्जित शेत नागोराव नावाचा शेजारी बटईने करी. बांधालगतची बाभळीखालची चिंचोळी पट्टी तेवढी मास्तरांनी स्वतःकडे ठेवली होती. तिच्यात त्यांनी प्रथम गावचीच ज्वारी पेरली, आणि राखण केली नाही. पाखरांनी खाऊन जी कणसे शिल्लक राहिली त्यांचेच बी पुढच्या वर्षी पेरले. त्यांतून जी उरली त्यांचे त्याच्या पुढच्या वर्षी. मी आलो तेव्हा हा क्रम काही वर्षे चालू होता.

"पण हे कशासाठी?" मी विचारले.

मास्तरांनी बांधावरचे रानज्वारीचे एक ताट कणसासकट मोडून माझ्या हाती दिले. बारीक, काळपट दाणा, तुसात दडलेला. बोट लावताच गळून पडणारा. "हिची राखण कोण करतं? कोणी न्हाई. हिची तीच. आता नागोरावाची ज्वारी बघा. पांढरी, गोड, तोंड उघडं टाकून उभी. का तर पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी गोफण घेऊन तिच्याजवळ उभं राह्यलं. ती बेफिकीर झाली, पंडितजी. मी फक्त राखण काढून घेतली. पाखरू इम्तिहान घेईल, कणीस जवाब देईल. मला तो जवाब बघायचाय."

मग बोट वर करून ते म्हणाले, "शर्त एकच. एक साल बी राखण होता कामा नये. एकदा राखलं की पास-नापास सगळे एका वर्गात. मग कोणतं बी कशानं वाचलं ते खुदालाच ठाऊक. पुन्हा पयल्यापासून मांडायला माझ्यापाशी तेवढा दम न्हाई." दम हा शब्द उच्चारताना त्यांना खोकला आला.

गावात त्यांना 'पाखरांचे जहागीरदार' म्हणत. शाळेतले सहकारीही हसत. या हसण्याला त्यांनी कधी उत्तर दिले नाही. फक्त नागोरावाची बायको राहीबाई हिच्याशी त्यांची जुगलबंदी चाले. राहीबाई ठेंगणी, सावळी आणि गोफणीत पटाईत होती. तिचा गोटा सुटला की कोणत्या कणसावरचे पाखरू उडणार हे आधी सांगता येई.

"मास्तर, तुमचं सदावर्त हाय म्हणून आमचं शेत वाचतं," ती मचाणावरून ओरडे. "पर माझ्याच्यानं बघवत न्हाई. भरल्या पिकाचा असा इस्कोट करू न्हाई मानसानं."

"तुमचं तुमी राखा, राहीबाई. माझ्या हद्दीत गोटा आला तर हेडमास्तराकडं तक्रार करीन."

"करा की! तुमचा हेडमास्तर आमच्या म्हशीला भितो. परवा नदीवर पाह्यलं मी, धोतर सावरून कसा पळला त्ये."

नागोराव फार कमी बोलणारा. तो खाली मान घालून खुरपत असे आणि तेवढ्यात म्हणे, "असू दे गं. मास्तराचं लेकरू दूर हाय. पाखरं तरी येऊ दे."

शाळेच्या आवारात एक मोठा कडुनिंब होता. चैत्र-वैशाखात कावळे त्यावर घरटी करीत, आणि मास्तरांचा वर्ग खाली भरे. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते हे मुलांना ठाऊकच असे. कावळा मूर्ख, यावर वर्गाचे एकमत असे. मास्तर ऐकून घेत आणि म्हणत, "मूर्ख? कावळ्याला परकं अंडं वळखू आलं की तो फेकून देतो. म्हणून कोकिळेचं जे अंडं वळखू येत न्हाई, तेवढंच जगतं. तेच पिल्लू पुढं अंडी घालतं, तसलीच. इकडं ज्याची नजर तेज, त्याच कावळ्याची पिल्लं जास्त वाढतात. हा तिला चोरी शिकवून राहिला, ती त्याला पहारा शिकवून राहिली. यात मूर्ख कोण ते मला सांगा, मी त्याला बाकावर उभा करतो." मुले हसत. मास्तर हसत नसत. वर पाहत राहत. ते एकदा मला म्हणाले होते, "दुश्मन बी उस्तादच असतो, पंडितजी. फक्त छडी लई मारतो."

शुक्रवारी त्यांच्या चटईवर बसणे हा हळूहळू माझाही परिपाठ झाला. आम्ही फारसे बोलत नसू. दोन अबोल माणसांना एकमेकांजवळ बसायला एखादे निमित्त लागते. आमचे निमित्त ज्वारी होते. मला वनस्पतींतले काही कळत नव्हते, परंतु एकाच जागेकडे वर्षानुवर्षे पाहिले की अडाण्यालाही फरक दिसू लागतो. पट्टीत सरळ मानेची कणसे कमी होत गेली. मान वाकवून खाली तोंड केलेली कणसे वाढली. त्यांवर चिमणीला नीट बसता येत नसे. काहींना लांब कुसळे आली. काहींचा दाणा तांबूस, तुसात घट्ट बसलेला झाला. चिमण्या येत, एका कणसावरून दुसऱ्यावर घसरत, आणि चिवचिवाट करून नागोरावाच्या शेताकडे वळत. तिथे राहीबाई तयारच असे.

"जिंकलात की हो, मास्तर!" मी एका हंगामात म्हणालो.

"थांबा," ते म्हणाले.

पुढच्या हंगामात राघूंनी युक्ती काढली. लोंबणाऱ्या कणसाची मान चोचीने कातरायची, कणीस पायात धरायचे, आणि बाभळीवर बसून सावकाश सोलायचे. आधी एकदोन राघू असे करीत. मग बाकीचे त्यांचे पाहून शिकले. मास्तरांच्या डोक्यावरच तूस पडत होते. ते शेरवानीवरून तूस झटकत म्हणाले, "बघितलं? आपल्या शाळेत परीक्षक दरसाल तोच पेपर काढतो. हितला परीक्षक दरसाल शिकून येतो." त्यानंतरच्या वर्षी जाड, चिवट मानेची काही कणसे राघूंकडून तुटली नाहीत. ती मास्तरांनी हौसेने उघडून दाखवली, तर आत अळ्या होत्या. पूर्वी चिमण्या दाण्याबरोबर अळीही टिपत. चिमण्याच येईनाशा झाल्या तेव्हा अळीला घट्ट कणसात निवांत घर मिळाले. मास्तरांनी ते पोखरलेले कणीस उन्हाकडे धरून उलटसुलट पाहिले.

"एक दार लावलं की दुसरं उघडतं," ते म्हणाले.

"मग हे संपणार कुठं?"

त्यांनी नागोरावाच्या विहिरीकडे बोट केले. मोट चालू होती. बैल धावेवरून उतरत होते, उलट पावली चढत होते. "तो बैल बघा. सकाळपासून चालून राहिला. सांजच्याला असंल तिथंच असंल. पर तो थांबला तर मळा वाळंल. संपत न्हाई, पंडितजी. कणीस बी थकतं, पाखरू बी थकतं. थांबत मात्र कोणी न्हाई. बघणाराच थकून उठतो."

त्या वाकड्या कणसांची एकदा भाकरी झाली. राहीबाईनेच दळून, थापून आणली. "घ्या, तुमच्या पाखरांनी पास केलेली भाकर," ती म्हणाली. मी एक घास घेतला आणि पाण्याचा तांब्या शोधू लागलो. नागोरावाने तोंडातला घास मुकाट्याने गिळला, आणि उरलेली भाकरी कुत्र्यापुढे टाकली; कुत्र्याने ती हुंगली आणि ते निघून गेले. राहीबाई पोट धरून हसली. मास्तरांनी मात्र आपली भाकरी शेवटपर्यंत खाल्ली. "कडू हाय," ते शांतपणे म्हणाले, "पर ही कोणाच्या भरवशावर न्हाई."

अशी वर्षे गेली. महायुद्ध झाले, धान्य महागले, सरकारी लेव्हीत धान्य घालायचे दिवस आले. नागोराव एकदा भीतभीत म्हणाला, "मास्तर, ह्या साली पट्टी राखू का? गावात दाणा न्हाई." मास्तरांनी आपल्या बटईतला वाटा त्याच्याकडेच राहू दिला, आणि पट्टी उघडी ठेवली. त्यांचा दमा वाढला होता. नदी ओलांडताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवू लागले होते. निवडलेली कणसे ते स्वयंपाकघराच्या आढ्याला टांगून ठेवीत; रिकाम्या घरात वर तेवढीच गर्दी असे.

मग अठ्ठेचाळीस साल आले. त्या उन्हाळ्यात खेड्यापाड्यांतून हत्यारबंद टोळ्या फिरत होत्या आणि हिंदूंची घरे संध्याकाळ होण्याआधीच दारे लावून घेत होती. नागोराव आणि राहीबाई लेकरांना घेऊन मास्तरांच्या हिंगोलीतल्या घरी येऊन राहिली. राहीबाईने अंगणात चूल मांडली. आढ्याकडे पाहून ती म्हणे, "मास्तर, अशा वाकड्या कणसाला घरात टांगू न्हाई. घरधन्याची मान वाकती." मास्तर म्हणत, "वाकली म्हणून तर वाचली ती." मृग निघाला तशी ती पेरणीसाठी परत गेली. मास्तरांनी थोडे बी मागे ठेवून बाकीचे पट्टीसाठी तिच्याबरोबर दिले.

भाद्रपदात फौजा आल्या आणि राज्य बदलले. मला आनंद झाला, हे लिहिले पाहिजे. पण काल एका घरात असलेली भीती आज नुसती दुसऱ्या घरी राहायला गेली, हेही मला दिसत होते. मास्तरांना मीच माझ्या घरी आणले, असे मला म्हणता येणार नाही; तेवढा धीट मी कधीच नव्हतो. नागोरावच एके सकाळी त्यांना बैलगाडीत कडब्याआड बसवून माझ्या दारी घेऊन आला. "आमच्या खेड्यात न्यावं तर समद्यास्नी म्हाईत हाय मास्तर कोण ते," तो म्हणाला. "तुमच्याकडं कोण येतंय, पंडितजी? तुमी तर कोनाशी बोलत बी न्हाई." हे माझ्याविषयीचे त्याचे मत ऐकून मास्तर त्या दिवसांत प्रथमच हसले.

मागल्या खोलीत त्यांची व्यवस्था केली. त्यांच्या घराचे कुलूप फुटल्याचे समजले तेव्हा त्यांनी फक्त एकच विचारले, "आढं?" मी जाऊन पाहून आलो. आढ्याला नुसत्या दोऱ्या लोंबत होत्या. आता बाभळीखाली उभे असलेले पीक, तेवढाच त्यांच्या इतक्या वर्षांचा ऐवज उरला होता. ते खिडकीशी बसत आणि हवेचा अंदाज घेत. "चिकात आली असंल," ते म्हणत. "भोरड्या उतरल्या असतील. यंदाचा जवाब फार मोठा हाय, पंडितजी. जाड मानेची, कुसळाची, आन अळीला बी दाद न देणारी, अशी थोडी कणसं गेल्या साली निघाली व्हती. ती समदी तिथं पेरलीत. एकदा बघून या."

मी गेलो. नदी ओलांडून बांधावर आलो आणि जागीच थांबलो. मुक्या पट्टीच्या मधोमध नवे मचाण उभे होते. त्यावर राहीबाई होती. गोफण गरगरत होती आणि पट्टीवर एकही पाखरू नव्हते.

"पंडितजी!" तिने हाक मारली. "मास्तरला सांगा, एक चिमणी बसू देत न्हाई म्हणावं. दाणा न् दाणा राखते."

ती खाली उतरली, जवळ आली, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "गावातलेच दोघं-तिघं इळे घेऊन आले व्हते. म्हनले, मास्तर काही आता येत न्हाई, उभं पीक कापून नेतो. मी म्हनलं, या की! गोफण काय पाखरालाच वळखती व्हय? तवापासून बसून राहिले. नुस्तं बसलं तर लोक इचारतील, मास्तरच्या पट्टीत ही बाई काहून बसली? म्हणून पाखरं हाकलते. राखणदारनीला कोन इचारतंय?"

शेजारच्या शेतात नागोराव पाठमोरा उभा होता. त्याच्या हातात काठी होती. इतक्या वर्षांत मी त्याच्या हातात खुरप्याखेरीज काही पाहिले नव्हते.

घरी येऊन मी मास्तरांना सर्व सांगितले. ते ऐकत असताना त्यांचे हात मांडीवर होते, अगदी पट्टीच्या कडेला असत तसे. मी म्हणालो, "अजून दाणा टणक झालेला नाही. मी उद्याच जाऊन तिला समजावतो. मचाणावर बसायचं तर बस, पण गोफण फिरवू नको. पाखरं येऊ दे. ती तुमचं ऐकेल."

मास्तरांनी खिडकीकडे पाहिले. छातीतली घरघर तेवढी ऐकू येत होती.

"ऐकंल," ते म्हणाले. "म्हणूनच सांगायचं न्हाई."

"पण इतक्या वर्षांचं—"

"गोफण थांबली की इळे येतील. आन ते न्हाई आले तरी, त्या बाईला काय सांगू? तुझ्या जिवावरची राखण मला नको, माझ्या पाखरांना खाऊ दे? न्हाई, पंडितजी. हे बोलायला माझ्याकडं जबान न्हाई, ना उर्दूत, ना मराठीत."

"मग पट्टी?"

"पट्टीची राखण होऊन राहिली," ते म्हणाले. "बस."

त्यानंतर ते खिडकीशी बसेनासे झाले. कोणत्या पाखरांचा थवा गेला हेही त्यांनी पुन्हा विचारले नाही. मी शाळेतून आलो की ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. जागे असत, हे मला पहिल्या भेटीपासून ठाऊक होते.

दिवाळीनंतर वातावरण निवळले आणि नागोराव बोलावणे घेऊन आला. आम्ही गाडीतून शेतावर गेलो. पीक निघाले होते, कडबा रचला होता, बाभळीखाली मोकळी धसकटे उभी होती. राहीबाईने लुगड्याच्या जुन्या तुकड्यात बांधलेले एक गाठोडे आणले आणि मास्तरांसमोर सोडले. आत कणसे होती. सरळ मानेची, टपोरी, मोत्यासारख्या पांढऱ्या दाण्याची. असे एकेक कणीस की कोणत्याही शेतकऱ्याने ते उचलून देवापुढे ठेवावे.

"मास्तर, रागावू नका," ती म्हणाली, "पर तुमच्या बियाचं लई वंगाळ झालं व्हतं. समद्या माना वाकलेल्या, नुसती कुसळं, दाना कडू. आता राखलं म्हणून ही अशी थोडी तरी नीट निघाली. तेवढी मी एकेक निवडून बियाला ठेवली. वाकडीतिकडी समदी म्हशीला घातली. म्हैस बी आधी तोंड फिरवीत व्हती, पेंड मिसळली तवा खाल्ली. आता फुडल्या साली बघा पट्टी कशी डुलती ते!"

खळ्यावर बियाणे असेच निवडतात. भरलेले, सरळ, गोरे ते ठेवायचे, उरलेले गुरांना. तिच्या आईने तेच केले असणार आणि आईच्या आईनेही. मी मास्तरांकडे पाहू शकलो नाही. म्हशीकडे पाहिले; ती रवंथ करीत होती.

मास्तर खाली वाकले. त्यांना वाकणे कठीण जात असे, पण त्यांनी मला हात लावू दिला नाही. त्यांनी गाठोडे दोन्ही हातांनी उचलले आणि डोळ्यांना लावले.

"राहीबाई," ते म्हणाले, "इतकं चांगलं बी माझ्या पट्टीत आजपतोर कधी झालं न्हाई."

हे अक्षरशः खरे होते. तिचा चेहरा फुलला. नागोराव नेहमीप्रमाणे खाली पाहत होता, पण त्याने धोतराच्या सोग्याने नाक पुसले.

परतताना नदीच्या वाळूत मास्तरांनी गाडी थांबवायला सांगितली. त्यांना धाप लागली होती. गाठोडे मांडीवर होते. पाण्याकडे पाहत ते म्हणाले, "मी समजत व्हतो की पाखरू, कणीस, अळी, एवढ्यांचाच खेळ हाय. राखणाऱ्याचा हात मी बाजूला काढून ठेवला व्हता. जसा काही तो खेळात नव्हताच. पर ज्वारी गोड झाली ती त्याच हातानं ना? आन तो हात..."

"हाताचं काय झालं?" मी विचारले.

"तुमी पाह्यला की मचाणावर," ते म्हणाले. "इतक्या पिढ्या राखून राखून तो हात बी बदलला. आता त्याला राखल्याबिगर राहवत न्हाई. कोणाचं हाय ते बी बघत न्हाई." मग त्यांनी डोळे मिटले. "हे मी वर्गात कधी शिकवलं न्हाई. आता वर्ग बी राह्यला न्हाई."

शाळेत यापुढे कोणत्या भाषेतून शिकवायचे याची चर्चा सुरू झाली होती. माझा विषय कोपऱ्यातून पुढे येणार होता आणि त्यांचा आयुष्यभराचा शब्दसंग्रह मागे सरणार होता. त्यांनी त्याबद्दल तक्रार केली नाही. मुलीने जावयाला न्यायला पाठवले. शेत त्यांनी नागोरावाकडेच राहू दिले, आणि पट्टी वेगळी ठेवू नको, इतरांसारखीच राख, असे सांगितले. मार्गशीर्षात एका सकाळी मी त्यांना पोहोचवायला स्टेशनावर गेलो. पूर्णेला गाडी बदलून त्यांना हैदराबादेला जायचे होते. ट्रंक जावयाच्या हाती होती. गाठोडे मात्र मास्तरांनी कोणाला दिले नव्हते.

ते फलाटावरच्या बाकावर बसले. मी शेजारी बसलो. गाठोड्याची गाठ सैल झाली होती आणि दोन-तीन पांढरी कणसे बाहेर डोकावत होती. छपरातून चिमण्या उतरल्या. आधी एक, मान तिरकी करून तिने अंदाज घेतला. मग आणखी. एक चिमणी थेट मास्तरांच्या गुडघ्यावर येऊन बसली आणि तिने दाण्यावर चोच मारली. मी टाळी वाजवणार होतो. पहिली भेट आठवून हात आवरले, आणि पाहत राहिलो.

मास्तरही पाहत होते. मग त्यांचा मांडीवरचा हात सावकाश वर उठला.

"हुश्श," ते म्हणाले.

चिमण्या उडाल्या. त्यांनी कणसे आत सारली, दोन्ही टोके ओढून गाठ घट्ट बांधली आणि हात पुन्हा गाठोड्यावर ठेवला.

"राखलेलं हाय," ते मला म्हणाले, आणि गाडी येईपर्यंत त्यांनी तो हात तिथून काढला नाही.